हिशेबाचे गोदाम मालकानेच लावावे

२०१९ च्या रमजानमधली गोष्ट आहे. ईदला आठ दिवस उरले होते. मोमिनपुऱ्यात त्या दिवसांत रात्र आणि दिवस यांत फरक राहत नाही, हे नागपूरकरांना सांगायला नको. तरावीह आटोपून गिऱ्हाईक दुकानात आले होते, ताके उघडून झाले होते, कापड मापून फाडले होते आणि संगणक बिल काढीना. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. मुलाने वाचून सांगितले, जागा संपली.

आम्ही म्हणालो, जागा कशी संपेल? संगणक दोन वर्षांचा. त्यात पाचशे जीबीची डिस्क, आणि ती निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. गोदाम अर्धे रिकामे आणि हमाल म्हणतो गाठ ठेवायला जागा नाही, असा तो प्रकार होता.

त्या रात्री जुनी बिलबुके काढली आणि ईदपर्यंत हाताने बिले लिहिली. ईदनंतर ती सगळी संगणकात चढवली. त्या धावपळीत एक उधारी दोनदा चढली. कामठीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे आम्ही फेडलेल्याच पैशाचा तकाजा केला. तो भांडला नाही. आपली पावती दाखवली, सलाम केला आणि नंतर दोन महिने दुकानात पाऊल टाकले नाही. मालाचे नुकसान भरून निघते. हे नुकसान कशाने भरणार?

हा अनुभव सांगण्याचे कारण असे की आपले बहुतेक दुकानदार बांधव याच वाटेवर आहेत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि वहीखाते मागे पडले. बिल, साठा, उधारी, वसुली सगळे संगणकात गेले. पण संगणकात गेले म्हणजे नेमके कोठे गेले, हे आपण विचारले नाही. कापडाचे गोदाम आपण स्वतः उभे राहून लावतो. हिशेबाचे गोदाम मात्र ज्याने सॉफ्टवेअर विकले त्याच्या मुलाने अर्ध्या तासात लावून दिले आणि आपण त्याला चहा पाजून निरोप दिला. आमचे म्हणणे एवढेच आहे की हे काम मालकाचे आहे. हात कारागिराचा चालेल, निर्णय मालकाचा हवा.

खाते कोठे राहते?

आमचे वडील रोजनामचा उर्दूत लिहीत. एका वहीत रोजची उलाढाल, दुसऱ्या वहीत गिऱ्हाईकवार खाते, तिसऱ्या वहीत माल. एका वहीतल्या नोंदीवरून दुसऱ्या वहीतले पान सापडे, कारण दोन्हींकडे पान क्रमांक लिहिलेला असे. संगणकातला डेटाबेस याहून फार वेगळा नाही. आयबीएम कंपनीतले एडगर कॉड यांनी १९७० साली एका लेखात ही पद्धत मांडली. सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्ते एकमेकांशी समान मूल्यांनी जोडायचे. गिऱ्हाइकाचा तक्ता, मालाचा तक्ता, बिलाचा तक्ता. बिलात गिऱ्हाइकाचा क्रमांक असला की नाव-पत्ता पुन्हा लिहावा लागत नाही. याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, माय-एसक्यूएल, पोस्टग्रेस ही त्याचीच वेगवेगळी घराणी. दुकानात घेतलेल्या बिलाच्या सॉफ्टवेअरच्या पोटात पुष्कळदा यांतलेच एखादे बसलेले असते.

तक्ता ही झाली वही. पण वही कोणत्या फडताळात ठेवायची, हा प्रश्न वेगळा. त्या फडताळाला ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये टेबलस्पेस म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये फाइलग्रुप म्हणतात. फडताळ डिस्कवरच्या एक किंवा अनेक फायलींचे बनते. फायलीच्या आत ठरावीक मापाचे कप्पे असतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक पान आठ केबीचे आणि अशा आठ पानांचा एक गठ्ठा. जसे थान ठरलेल्या मापाचे आणि थानांची गाठ, तसे.

कागद ठेवण्याची रीत आपल्या मुलखाला नवी नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले होते. त्यांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे कागद हाती लागले ते नीट बांधून ठेवले होते म्हणून. कोणत्या रुमालात काय ठेवायचे हे बांधणारा ठरवत असे. आज तो निर्णय सॉफ्टवेअर बसवणारा करतो, आणि पुष्कळदा तोही करीत नाही. कंपनीने आधीच भरून दिलेल्या खुणांवर तो ‘पुढे’, ‘पुढे’ असे दाबत जातो.

कोणता माल कोणत्या खोलीत

मोठ्या डेटाबेसमध्ये साधारण पाच प्रकारचा माल असतो.

पहिला, डेटाबेसचा स्वतःचा कारभार. कोणता तक्ता कोठे आहे, कोणाला कोणता अधिकार आहे, याची नोंद. ओरॅकलमध्ये याच्या फडताळाचे नावच सिस्टीम आहे. येथे आपला माल ठेवू नये. गल्ल्याच्या पेटीत कोणी सुटाचे कापड कोंबीत नाही. पूर्वी ओरॅकलमध्ये नवीन माणसाला त्याची जागा नेमून दिली नाही तर त्याचे तक्ते याच फडताळात जाऊन पडत. २००३ च्या दहाव्या आवृत्तीपासून सर्वांसाठी वेगळी ठरलेली जागा नेमून ठेवण्याची सोय झाली.

दुसरा, आपला खरा माल, म्हणजे बिले, साठा, उधारी.

तिसरा, अनुक्रमणिका, जिला इंडेक्स म्हणतात. हजारो बिलांतून एका गिऱ्हाइकाची बिले क्षणात सापडतात ती हिच्यामुळे. हिला जागा लागते, पण ही हरवली तर मूळ तक्त्यावरून पुन्हा बनवता येते. म्हणून हिचा दर्जा दुसरा.

चौथा, तात्पुरती जागा. वर्षाचा गोशवारा काढताना संगणक नोंदी लावून घेतो, तेव्हा त्याला पसारा मांडायला अंगण लागते. काम झाले की पसारा उचलला जातो. याची नक्कल ठेवण्याची गरज नाही.

पाचवा, आणि सर्वांत महत्त्वाचा, व्यवहारांचा रोजनामचा, ज्याला लॉग म्हणतात. तक्त्यात बदल कायम होण्याआधी तो येथे लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर संगणक हा रोजनामचा वाचून अर्धवट व्यवहार रद्द करतो आणि पुरे झालेले कायम करतो. जुने मुनीम आधी कीर्द लिहीत, मग खतावणी करीत. रीत तीच.

हे सारे एका डिस्कवर एका खोलीत ढकलले तरी डेटाबेस चालतो. पण रोजनामचा आणि खरा माल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवले, तर मालाची डिस्क बिघडल्यावर कालची नक्कल आणि आजचा रोजनामचा जोडून आजचा हिशेब परत उभा करता येतो. त्यासाठी रोजनामचा पूर्ण जपण्याची नेमणूक आधी केलेली असावी लागते. दोन्ही एकाच डिस्कवर असतील तर दोन्ही एकदम जातात.

तीन चुका

पहिली चूक आमच्या दुकानात झाली तीच. डिस्कची जागा म्हणजे डेटाबेसची जागा, असे आम्ही समजलो. आमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती होती. २०१० पासून २०२२ च्या आवृत्तीपर्यंत तिच्यात एका डेटाबेसला दहा जीबीची मर्यादा आहे, त्याआधी चार जीबीची होती. २०२५ च्या आवृत्तीत ती पन्नास जीबी झाली, पण जुनी आवृत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांची मर्यादा जुनीच. फुकट आहे यात वाईट काही नाही. मर्यादा आहे हे सांगितले गेले नाही, हे वाईट.

केवळ बिलांनी आमच्यासारख्या दुकानाचे दहा जीबी दोन वर्षांत भरत नाहीत. आम्ही डिझाइनचे फोटो आणि पार्टीकडून आलेल्या बिलांची छायाचित्रे त्याच डेटाबेसमध्ये चढवत होतो. एका फोटोच्या जागेत शेकडो बिले मावतात. फोटो बाहेर साध्या फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता लिहिला असता, तर हा प्रसंग आलाच नसता. रद्दी कोठडीत आणि रोकड तिजोरीत, हे आपण कापडात जाणतो. हिशेबात विसरलो.

ओरॅकलसारख्या मोठ्या घरातही हाच फास आहे. तेथे नेहमीच्या आठ केबीच्या पानांची साधी फाइल साधारण बत्तीस जीबीपर्यंतच वाढते. ‘आपोआप वाढेल’ अशी खूण केलेली असली तरी त्यापुढे ती वाढत नाही. डिस्क रिकामी राहते आणि काम थांबते. त्या फडताळाला दुसरी फाइल जोडून द्यावी लागते.

दुसरी चूक वाढीच्या मापाची. फाइल भरत आली की किती वाढवायची, हे आधी ठरवून द्यायचे असते. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१४ पर्यंतच्या आवृत्त्यांत काही न ठरवल्यास मालाची फाइल एक एक एमबीने वाढे. म्हणजे रोज एक पाटी टाकून गोदाम वाढवायचे. गिऱ्हाईक उभे असताना सुतार ठोकाठोक करीत बसणार. २०१६ पासून हे माप चौसष्ट एमबी झाले. उलट टोक म्हणजे काहीच मर्यादा न ठेवणे. रोजनामचा पूर्ण जपण्याची नेमणूक केली आणि त्याची नक्कल कधीच काढली नाही, तर तो वाढतच जातो आणि एक दिवस सगळी डिस्क खाऊन टाकतो. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन वर्षांच्या अंदाजाने मोठी जागा अडवावी, वाढीचे माप ठरवावे, वरची हद्द बांधावी आणि महिन्यातून एकदा किती भरले ते पाहावे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या नोंदी पुसल्या म्हणून फाइल लहान होत नाही. आतली जागा मोकळी होते आणि पुढच्या मालाला मिळते, पण डिस्कला ती लगेच परत मिळत नाही. ताके उचलले म्हणून भिंती आत सरकत नाहीत.

तिसरी चूक सर्वांत महाग. डेटाबेस सी ड्राइव्हवर, विंडोजच्या शेजारी ठेवणे. कोणी काही सांगितले नाही तर तो पुष्कळदा तेथेच बसतो. मग एखाद्या दिवशी संगणक मंद चालतो, गल्लीतला मुलगा येतो, विंडोज नव्याने टाकतो आणि सी ड्राइव्ह धुऊन काढतो. त्याला दोष देता येत नाही. त्याने विचारले असते, ‘चाचा, सी मध्ये काही आहे का?’ तर आपणच सांगितले असते, ‘काही नाही बेटा.’ कारण आपल्याला ठाऊकच नव्हते.

ड्राइव्ह वेगळी, डिस्क एकच

यावर काही बांधव म्हणतात, आमचा डेटा डी ड्राइव्हवर आहे, आम्ही निर्धास्त आहोत. त्यांनी एवढे पाहावे की सी आणि डी या दोन डिस्क आहेत की एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. एका खोलीत मधे पडदा लावला म्हणजे दोन खोल्या होत नाहीत. आग लागली तर पडद्यासकट जाते.

आगीचेच कशाला, पाण्याचे पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्तीत शिरले. सीताबर्डी, धरमपेठ भागात तळमजल्यावरची घरे आणि दुकाने पाण्यात गेली, माणसेही दगावली. ज्या दुकानात संगणक टेबलाखाली जमिनीवर होता आणि हिशेबाची एकमेव प्रत त्याच्या पोटात होती, त्याने काय करावे? भिजलेले कापड वाळवून पडत्या भावाने विकता येते. भिजलेल्या डिस्कमधून उधारी वसूल करता येत नाही.

फडताळे कितीही नीट लावली तरी फडताळ म्हणजे नक्कल नव्हे. उलट पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये एक टेबलस्पेस वेगळ्या डिस्कवर ठेवले आणि तेवढीच डिस्क गेली, तर उरलेला डेटाबेससुद्धा चालू होण्यास अडचण येऊ शकते. म्हणून जागा वाटणे आणि नक्कल ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, दोन्ही करावीत. नक्कल डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेने काढावी. चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलून ठेवल्या तर अर्धवट नोंदी येण्याचा धोका असतो. एक नक्कल दुकानाबाहेर, घरी किंवा भावाच्या दुकानात ठेवावी. आणि तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली नक्कल म्हणजे न मोजलेली गाठ. आत थाने आहेत की चिंध्या, हे त्या वेळीच कळते.

कायद्याचेही हेच म्हणणे आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. नियम ५७ सांगतो की संगणकावरील हिशेबाची नक्कल अशी ठेवा की अपघात किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नष्ट झाले तरी वाजवी वेळेत तो परत उभा करता यावा. अधिकाऱ्यासमोर ‘संगणक बिघडला’ हे उत्तर चालणार नाही.

लहान दुकानाला हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. एक संगणक, एक काउंटर, दोन नोकर, एवढ्या दुकानाला पाच फडताळे आणि पाच डिस्क लागत नाहीत. ती बँकेची आणि कारखान्याची गरज आहे. एका कपाटाच्या दुकानात पाच कुलपे लावणारा शहाणा नव्हे. उगाच वाटण्या केल्या तर एका कप्प्यात जागा पडून राहते आणि दुसरा भरून जातो. तेव्हा कोणी मोठी नावे सांगून मोठा खर्च काढू लागला, तर त्यालाही ओळखावे.

लहान दुकानाला चार प्रश्न पुरेत. सॉफ्टवेअरचे पैसे देण्यापूर्वी ते विचारावेत आणि उत्तर कागदावर लिहून सहीनिशी घ्यावे. एक, माझ्या हिशेबाची फाइल कोणत्या डिस्कवर, कोणत्या जागी आहे? दोन, तिची मर्यादा किती आणि आज किती भरली आहे? तीन, नक्कल कोठे जाते, किती वेळाने जाते आणि ती परत कशी उघडायची? चार, डेटाबेसचा मुख्य पासवर्ड कोणाकडे आहे? चौथ्याचे उत्तर ‘आमच्याकडे’ असे आले, तर समजावे की गोदाम आपले आणि किल्ली दुसऱ्याची. हिशेब दूरच्या कंपनीच्या यंत्रावर, क्लाउडवर ठेवणाऱ्यांनाही हेच चार प्रश्न लागू आहेत. तेथे गोदामही दुसऱ्याचे असते, म्हणून प्रश्न अधिकच लागू आहेत.

आणखी एक बोलणे आहे. आपली मुले संगणक शिकतात, पण पुष्कळ जण टंकलेखन आणि बिल काढण्यापाशी थांबतात. गोदामात गाठी उचलणारा आणि गोदाम लावणारा यांच्या पगारात किती फरक असतो, हे आपल्याला सांगायला नको. डेटाबेस बसवणे, जागा वाटणे, नक्कल काढून परत उभी करणे ही शिकण्यासारखी कारागिरी आहे. पोस्टग्रेस पूर्णपणे फुकट मिळते आणि माय-एसक्यूएलचीही फुकट आवृत्ती आहे. जुन्या संगणकावर घरी बसून सराव करता येतो. ज्यांच्या आजोबांनी मागावर सूत मोडू दिले नाही, त्यांच्या हाताला हे अवघड नाही. मोमिनपुऱ्यात आणि कामठीत अशी चार मुले तयार झाली, तर सारा बाजार त्यांच्या भरवशावर झोपेल.

आमचे पुढे काय झाले, तेही सांगतो. फोटो बाहेर काढले, फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवली, संगणक टेबलावर चढवला. रोज रात्री शटर पाडण्याआधी नक्कल निघते आणि ती मुलगा घरी नेतो. कामठीच्या त्या गिऱ्हाइकाकडे आम्ही स्वतः गेलो, खाते समोर ठेवले आणि माफी मागितली. आता तो पूर्वीप्रमाणे माल नेतो. फक्त प्रत्येक रकमेची पावती मागून घेतो आणि आमच्यासमोर ती घडी घालून खिशात ठेवतो.

त्याचे बरोबर आहे. लोकांची उधारी आणि लोकांची जमा आपल्याजवळ अमानत आहे. ती कोठे ठेवली आहे हे निदान आपल्याला ठाऊक असावे. उद्या दुकान उघडल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाआधी हे एक काम करावे. फाइल शोधावी, तिची जागा आणि तिचे माप कागदावर लिहावे आणि तो कागद गल्ल्यात ठेवावा.